तिकीट हातात, गाडीची वेळ बदलली : पैसे परत मिळवायचे तर काय, कधी, कसं

माझी गाडी रात्री पावणेदहाची होती. फलाटावर बसून पावणेएक झाला, एक झाला, तरी गाडीचा पत्ता नाही. सकाळचं काम हुकणार हे उघड होतं. वैतागून रिक्षा केली, घरी येऊन झोपलो आणि दुसऱ्या दिवशी चहा घेत मोबाइलवर परताव्याचा अर्ज भरला. तीन तासांपेक्षा जास्त उशीर झाला तर पूर्ण पैसे मिळतात, एवढं ऐकून माहीत होतं. ते खरंही आहे. फक्त हा अर्ज गाडी सुटायच्या आत करावा लागतो, हे माहीत नव्हतं. गाडी रात्री सव्वाएकला सुटली होती आणि माझा अर्ज सकाळी आठचा. पैसे बुडाले.

पुढे दोनदा अशीच वेळ आली आणि दोन्ही वेळा सगळे पैसे खात्यात आले. पहिल्या वेळी चुकलं ते घड्याळ, म्हणून या लेखात घड्याळाबद्दल जरा जास्तच बोलणार आहे.

खाली जे आहे ते भारतीय रेल्वेच्या आरक्षित तिकिटांबद्दल आहे. त्याचा पाया म्हणजे तिकीट रद्द करणं आणि भाडं परत करणं यासंबंधीचे २०१५ चे नियम, जे त्या वर्षी १२ नोव्हेंबरपासून लागू झाले. आपल्या मर्जीने तिकीट रद्द केल्यावर किती पैसे कापले जातात, हा वेगळा विषय आहे आणि ते आकडे अधूनमधून बदलतात. इथे प्रश्न रेल्वेकडून बदल झाला तर काय, एवढाच.

१. आधी शब्द ओळखा

घरात सगळेच म्हणतात, "गाडीचा घोळ झालाय." रेल्वेच्या लेखी मात्र हे चार-पाच वेगळे घोळ आहेत आणि प्रत्येकाची मुदत वेगळी आहे.

उशीर : गाडी वेळापत्रकात आहे, पण मागे पडली आहे. सुरुवातीच्या स्टेशनवरूनच उशिरा सोडायचं आधी ठरलं असेल तर त्याला रिशेड्यूल म्हणतात.

रद्द : गाडी त्या दिवशी धावणारच नाही.

अंशतः रद्द : गाडी धावते, पण अलीकडेच संपते किंवा पुढच्या स्टेशनवरून सुटते. मे २०२४ च्या अखेरीस ठाणे आणि सीएसएमटीला फलाटांच्या कामासाठी मोठा ब्लॉक झाला, तेव्हा लांब पल्ल्याच्या कितीतरी गाड्या दादर, पनवेल, पुणे, नाशिक अशा ठिकाणीच थांबवल्या होत्या. त्या ‘रद्द’ नव्हत्या.

मार्गबदल : गाडी दुसऱ्या मार्गाने जाते. तुमचं स्टेशन लागेल किंवा लागणारही नाही.

वेळापत्रकातला कायमचा बदल : हा प्रकार सगळ्यात फसवा. गाडी वेळेवरच धावते, फक्त ती वेळ तुमच्या तिकिटावरची नसते.

कोकणात जाणाऱ्यांना हा शेवटचा प्रकार पाठ असतो. कोकण रेल्वेवर पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि जोराच्या पावसात तर ताशी ४० किलोमीटरवर आणतात, त्यामुळे वेगळं पावसाळी वेळापत्रक लागतं. पूर्वी ते १० जून ते ३१ ऑक्टोबर असायचं, २०२५ मध्ये १५ जून ते २० ऑक्टोबर होतं. त्या काळात काही गाड्या नेहमीपेक्षा आधी सुटतात. उशिरा सुटणारी गाडी निदान फलाटावर सापडते, आधी सुटलेली सापडत नाही.

आणि हे लक्षात असू द्या की उशिराचं गणित त्या दिवशी लागू असलेल्या वेळापत्रकावरून होतं. सहाची गाडी नव्या वेळापत्रकात कायमची दहाची झाली आणि दहाला सुटली, तर ती चार तास उशिरा आली असं तुम्ही म्हणाल, रेल्वे म्हणेल वेळेवर आली. म्हणून कायमचा बदल कळल्याबरोबर ठरवा, ही वेळ चालते की नाही. चालत नसेल तर साधं रद्दीकरण जितकं लवकर कराल तितकी कपात कमी.

२. बदलाची बातमी तुमच्याच फोनवर येऊ द्या

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं (१ नोव्हेंबर २०२४ पर्यंत ते १२० दिवस होतं). दोन महिन्यांत ब्लॉक निघतो, वेळापत्रक बदलतं. ई-तिकिटावर सुटण्याची वेळ बदलू शकते अशी सूचना असते, म्हणजे खात्री करून घेण्याचं काम आपल्याच गळ्यात. बदलाचा मेसेज येतो, पण तो आरक्षण करताना दिलेल्या नंबरवर.

इथेच पहिला सापळा आहे. माझ्या मावशीचं तिकीट एका एजंटने काढलं आणि अर्जात स्वतःचाच नंबर टाकला. गाडी पुढच्या स्टेशनवरून सुटणार असल्याचा मेसेज त्याच्याकडे आला, मावशी पिशव्या घेऊन मूळ स्टेशनवर. एजंटकडून काढलंत तरी नंबर तुमचाच टाकायला लावा. एजंटमार्फत काढलेल्या तिकिटाचा परतावा देताना ओटीपीही त्याच नंबरवर येतो, हे दुसरं कारण.

मेसेजवर विसंबू नका. प्रवासाच्या दोन दिवस आधी, आदल्या रात्री आणि घरातून निघताना, असं तीनदा एनटीईएसवर पाहा. हे रेल्वेचं चौकशीचं संकेतस्थळ आणि अॅप आहे. रद्द, रिशेड्यूल आणि मार्ग बदललेल्या गाड्यांच्या याद्या तिथे वेगवेगळ्या मिळतात. इंटरनेट नसेल तर १३९ वर फोन करा.

एनटीईएसवर पाहताना तारीख नीट बघा. दोन रात्रींचा प्रवास करून येणारी गाडी तुमच्या स्टेशनवर २१ तारखेला येत असेल, तर ती मुळात १९ ला निघालेली असते. चुकून दुसऱ्या दिवशीची गाडी बघून "वेळेवर आहे" म्हणत निवांत बसलेले लोक मी पाहिले आहेत. मध्यरात्रीच्या आसपासच्या गाड्यांना तर दुप्पट सांभाळा. २३:५५ ची वेळ बदलून ००:१० झाली की तारीखच पुढे जाते.

३. काय जवळ ठेवायचं

सगळं लागेलच असं नाही, पण लागलं तेव्हा नसलं की चिडचिड होते.

– पीएनआर आणि तिकिटाची प्रत. खिडकीवरचं तिकीट असेल तर मूळ कागद, झेरॉक्स चालत नाही.
– आयआरसीटीसीचं लॉगिन, आणि तेही ज्या खात्यातून तिकीट काढलं त्याच खात्याचं. मुलाच्या खात्यातून काढलं असेल आणि मुलगा विमानात असेल तर अर्ज कोण भरणार?
– बदलाचा मेसेज. डिलीट करू नका.
– एनटीईएसवरच्या उशिराचे स्क्रीनशॉट, वर तारीख-वेळ दिसेल असे. रेल्वे स्वतःच्या नोंदीवरूनच निर्णय घेते, पण वाद झाला तर हेच कामी येतात.
– अर्ध्या वाटेत काही घडलं तर टीसीकडून लेखी दाखला.
– वेगळी गाडी, टॅक्सी किंवा मुक्काम करावा लागला तर त्याच्या पावत्या. त्या कशाला, ते शेवटी येईल.

४. तीन तासांचं घड्याळ

नियम एका वाक्यात असा : जिथून तुम्ही प्रवास सुरू करणार आहात त्या स्टेशनवरून गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा सुटत असेल आणि तुम्ही प्रवास केला नाही, तर पूर्ण भाडं परत मिळतं, रद्दीकरणाची कपात होत नाही. कन्फर्म, आरएसी, वेटिंग, सगळ्यांना हे लागू आहे. अट अशी की ई-तिकिटाचा अर्ज, म्हणजे टीडीआर (तिकीट डिपॉझिट रिसीट), गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत भरलेला हवा, आणि खिडकीवरचं तिकीट प्रत्यक्ष सुटायच्या आत खिडकीवर परत दिलेलं हवं.

या एका वाक्यात तीन खड्डे आहेत.

पहिला, उशीर तुमच्या स्टेशनवरचा मोजतात. मुंबईहून चार तास उशिरा निघालेली गाडी पुढे वेळ भरून काढत तुमच्या स्टेशनवर अडीच तासांच्या उशिराने आली, तर तुम्हाला काही मिळणार नाही. आणि सुटली वेळेवर पण मुक्कामी सहा तास उशिरा पोहोचली, तर हा नियम लागूच होत नाही.

दुसरा, अंदाज आणि प्रत्यक्ष यांतला फरक. समजा तुमची गाडी २१:४५ ची आहे आणि साडेनऊलाच अॅप सांगतंय की ती ०१:०० ला येईल. सव्वातीन तास! तुम्ही लगेच टीडीआर भरून घरी जाता. गाडी मात्र वेळ भरून काढते आणि ००:४० ला सुटते. उशीर भरला २ तास ५५ मिनिटं. अर्ज फेटाळला जाणार, गाडीही गेली. म्हणून शक्य असेल तर प्रत्यक्ष तीन तास उलटेपर्यंत थांबा, म्हणजे इथे ००:४५ पर्यंत, आणि मग भरा.

तिसरा खड्डा माझा. फार वेळ थांबलात तर गाडी येते आणि निघून जाते. वरच्या उदाहरणात गाडी खरोखर एक वाजता सुटली, तर तुमच्याकडे ००:४५ ते ०१:०० एवढी पंधरा मिनिटं आहेत. लॉगिन आधीच करून ठेवा. मध्यरात्री पासवर्ड विसरला, ओटीपी आला नाही, नेट गेलं, हे सगळं त्याच पंधरा मिनिटांत होतं.

उशीर पाच-सहा तासांचा असेल तर एवढं ताणायचं कारण नाही. तीन तासांच्या काठावरच्या गाड्याच माणसाला रडवतात.

५. ‘कॅन्सल’ नव्हे, टीडीआर

वेळेच्या खालोखाल लोकांचे पैसे बुडतात ते बटणामुळे. ‘कॅन्सल’ दाबलं की तुम्ही मर्जीने तिकीट रद्द केलं असं धरलं जातं आणि नेहमीची कपात होते. "पण गाडीचा मार्ग बदलला होता हो!" असं नंतर सांगून उपयोग नाही. रेल्वेमुळे प्रवास झाला नाही, असं सांगण्याचा मार्ग म्हणजे टीडीआर.

मार्गबदलाची बातमी आठवडाभर आधी कळते आणि हात शिवशिवतात. थांबा. टीडीआरची वेळ चार्ट, म्हणजे प्रवाशांची अंतिम यादी, लागल्यानंतर येते. पूर्वी चार्ट गाडीच्या चार तास आधी लागायचा, २०२५ पासून तो बराच आधी लागू लागला आहे.

पायऱ्या अशा : आयआरसीटीसीवर लॉगिन करा, तुमच्या व्यवहारांच्या यादीत टीडीआरचा पर्याय शोधा, पीएनआर निवडा, ज्या प्रवाशांनी प्रवास केला नाही त्यांच्या नावापुढे खूण करा, कारण निवडा, सादर करा. सादर केल्यावरच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या.

कारण निवडताना घाई नको. यादीत ‘प्रवास केला नाही’ असा साधासरळ वाटणारा पर्यायही असतो आणि बोट तिथेच जातं. तो निवडलात तर दोष तुमच्याकडे. तुम्हाला हवं ते कारण ‘गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा आणि प्रवास केला नाही’ किंवा ‘मार्ग बदलला आणि प्रवास केला नाही’ या शब्दांत दिलेलं असतं. सगळी यादी खालपर्यंत वाचा.

मुदती :

– तीन तासांहून जास्त उशीर : गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत.
– मार्गबदल आणि तुम्ही गेला नाहीत, किंवा तुमचं चढायचं वा उतरायचं स्टेशन लागलंच नाही : ठरलेल्या सुटण्याच्या वेळेपासून ७२ तासांत.
– गाडी अलीकडेच संपली : हेही ७२ तासांत.
– वातानुकूलन बंद पडलं : मुक्कामी पोहोचल्यापासून २० तासांत, सोबत टीसीचा दाखला.

गाडी पूर्ण रद्द झाली असेल तर ई-तिकीटवाल्यांनी काहीच करायचं नाही. ना कॅन्सल, ना टीडीआर. भाडं आपोआप परत येतं, आयआरसीटीसीचं सुविधा शुल्क मात्र येत नाही. अंशतः रद्द गाडीला ही आपोआपची सोय नाही. बातमीत ‘गाडी रद्द’ वाचून पैशाची वाट बघत बसलेले आणि ७२ तास घालवून बसलेले लोक बहुधा याच प्रकारातले असतात.

चारजणांच्या तिकिटावर दोघं गेले आणि दोघं राहिले, तर गेलेल्या दोघांनी टीसीकडून बाकीचे आले नाहीत असा दाखला घ्यावा. आणि "पुढच्या स्टेशनपर्यंत जाऊ, मग बघू" असं करून नंतर न गेल्याचा अर्ज भरू नका. बर्थवर कोण होतं याची नोंद टीसीकडे असते आणि अर्ज त्या नोंदीशी ताडून पाहतात.

गाडी पुढच्या स्टेशनवरून सुटणार म्हणून चढायचं स्टेशन ऑनलाइन बदलून घेता येतं, पण बदललंत की मूळ स्टेशनवरून चढण्याचा हक्क जातो आणि मधल्या न केलेल्या प्रवासाचे पैसेही मिळत नाहीत.

आता वाट बघायची. अर्ज संबंधित रेल्वेकडे जातो, निर्णय तिथे होतो, पैसे ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात येतात. दोन-तीन महिने धरून चला.

६. खिडकीवरचं तिकीट असेल तर

तुमची लढाई जास्त कठीण आहे, कारण त्या पंधरा मिनिटांत तुम्हाला रांगेत उभं राहायचं आहे. खिडकीवरचं तिकीट वेबसाइटवरून रद्द करण्याची सोय आहे खरी, पण ती नेहमीच्या रद्दीकरणासाठी आहे, उशीर किंवा रद्द गाडीसाठी नाही. तेव्हा उशीर अडीच तासांवर गेला की एकाने सामानाजवळ बसावं आणि दुसऱ्याने मूळ तिकीट घेऊन खिडकी गाठावी.

गाडी रद्द झाली असेल तर इथे पैसे आपोआप येत नाहीत. ठरलेल्या दिवसानंतरच्या तीन दिवसांत खिडकीवर तिकीट द्यावं लागतं.

खिडकीवर पैसे देता येत नाहीत असं सांगितलं तर रिकाम्या हाताने परतू नका. टीडीआरची पावती मागा. ती मूळ पावती जोडून, मिळाल्यापासून दहा दिवसांत त्या रेल्वेच्या मुख्य वाणिज्य व्यवस्थापकांकडे, परतावा विभागात, अर्ज करायचा असतो. पाठवण्याआधी पावतीचा फोटो काढून ठेवा.

७. तत्काळवाल्यांसाठी एक बारीक अक्षर

कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे मिळत नाहीत, हे सगळ्यांना माहीत असतं. म्हणून गाडी पाच तास उशिरा असली तरी लोक अर्जच करत नाहीत. चूक आहे. तीन तासांपेक्षा जास्त उशीर, मार्गबदल, अशा वेळी तत्काळलाही पूर्ण परतावा आहे.

मात्र इथे उशीर तिकिटावरच्या प्रवास सुरू होण्याच्या स्टेशनवरचा मोजतात, तुम्ही नंतर बदलून घेतलेल्या चढायच्या स्टेशनवरचा नाही. दोन्ही एकच असतील तर प्रश्न नाही.

८. पुढची गाडी चुकली तर

पहिली गाडी उशिरा आली आणि जोडून काढलेली दुसरी चुकली, तर दुसऱ्या तिकिटाचं काय? १ एप्रिल २०१९ पासून दोन पीएनआर एकमेकांना जोडायची सोय आहे. जोडलेले असतील तर न केलेल्या प्रवासाचं भाडं रद्दीकरणाची कपात न होता मिळतं. जोडलेले नसतील तर रेल्वेच्या दृष्टीने ते दोन वेगळे प्रवास आहेत आणि दुसरी गाडी तुम्ही ‘चुकवली’.

दोन्ही तिकिटांवर प्रवाशांची नावं आणि तपशील तंतोतंत सारखे हवेत. एकावर ‘सुभाष’ आणि दुसऱ्यावर ‘सुभाषराव’ असलं की झालं. जोडणी तिकीट काढतानाच करून टाका आणि दोन्ही तिकिटं एकाच पद्धतीने काढा, एक खिडकीवर आणि एक ऑनलाइन अशी खिचडी नको. परताव्याची मुदतही तासांत असते, तेव्हा पहिल्या गाडीतून उतरलात की चहाच्या आधी खिडकी किंवा टीडीआर.

९. अर्ज फेटाळला, किंवा भाड्यापेक्षा मोठं नुकसान झालं

दोन वेगळी दारं आहेत. भाड्याच्या परताव्याचा वाद रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या अखत्यारीत येतो. १९८७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण आलं आणि महाराष्ट्रात त्याची पीठं मुंबई आणि नागपूरला आहेत. साडेसातशे रुपयांसाठी तिथवर जा असं मी म्हणणार नाही. आधी आयआरसीटीसीकडे आणि ‘रेल मदद’ या रेल्वेच्या तक्रार पोर्टलवर तक्रार करा, टीडीआरचा क्रमांक आणि स्क्रीनशॉट जोडून.

उशिरामुळे विमान चुकलं, टॅक्सी करावी लागली, हे नुकसान सेवेतल्या त्रुटीखाली जिल्हा ग्राहक आयोगात मांडता येतं. मुदत दोन वर्षं, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. सल्ल्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५.

इथे सर्वोच्च न्यायालयाचा सप्टेंबर २०२१ चा एक निकाल कामाचा आहे. २०१६ मध्ये एक कुटुंब अजमेर–जम्मू एक्स्प्रेसने निघालं. गाडी जम्मूला चार तास उशिरा पोहोचली आणि श्रीनगरचं विमान चुकलं. टॅक्सी करावी लागली. अलवरच्या जिल्हा ग्राहक मंचाने ३०,००० रुपये भरपाई दिली आणि वायव्य रेल्वे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडली. उशिराची जबाबदारी आमच्यावर येत नाही असं आमचेच नियम सांगतात, हा तिचा मुद्दा होता. न्यायालयाने तो मानला नाही. उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला हे रेल्वेने सिद्ध करायला हवं, ते केलं नाही तर भरपाई द्यावी लागेल, असं म्हणून ती रक्कम कायम ठेवली.

याचा अर्थ प्रत्येक उशिराला पैसे असा नाही. धुकं, दरड, पूर अशी कारणं रेल्वे दाखवू शकते. युरोपीय संघात तासाभराच्या उशिराला भाड्याचा चौथा हिस्सा आणि दोन तासांच्या पुढे निम्मं भाडं ठरलेलं आहे, तशी ठरीव भरपाई आपल्याकडे नाही. आपल्याकडे ती मागावी लागते, आणि मागताना त्या कुटुंबाजवळ होतं ते लागतं : तिकीट, विमानाचं बुकिंग आणि टॅक्सीची पावती. टॅक्सीवाले सहसा पावती देत नाहीत, म्हणून निदान भाडं यूपीआयने द्या.